गच्चीवरच्या ड्रॅगन फ्रूटला उन्हाळी बहार: रात्रीचे दिवे कसे लावायचे

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुंबईतल्या गच्च्यांवरचं ड्रॅगन फ्रूट फुलायचं थांबतं. फांद्या जाडजूड, रंग हिरवागार, पाणी-खत वेळच्या वेळी, तरी पुढच्या मे-जूनपर्यंत कळी म्हणून दिसत नाही. नव्याने झाड लावलेले लोक मग खत वाढवतात, टॉनिक फवारतात. त्याने काही होत नाही, कारण अडचण खताची नसतेच. रात्र लांबलेली असते. ड्रॅगन फ्रूट मोठ्या दिवसांत फुलणारं झाड आहे आणि थंडीत त्याला पुरेसा मोठा दिवस मिळत नाही.

हा अडसर रात्री काही तास दिवा लावून काढता येतो. व्हिएतनामच्या बिन्ह थुआन भागातले शेतकरी हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. तिथे हंगाम संपला की बागांमध्ये रांगेने बल्ब लागतात आणि फळ अशा वेळी निघतं की भाव चांगला मिळतो. तैवानमध्येही ड्रॅगन फ्रूट असंच फुलवतात. तिथे बोरांच्या बागांवरही रात्री दिवे लावून फळ लवकर काढतात. आपल्याला बाजार गाठायचा नाही. घरच्या चार-सहा ड्रमांत लावलेल्या झाडांवर एप्रिल-मेमध्ये फळं धरायची आहेत, आणि तेवढं मुंबईच्या गच्चीवर नक्की जमण्यासारखं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठामपणे सांगते. दिवा झाडाला फक्त इशारा देतो. फुलायचं बळ झाडात आधीपासून असावं लागतं. त्यामुळे यातलं निम्म्याहून जास्त काम बल्ब लावण्याच्या आधीच्या तीन महिन्यांत होतं, आणि ज्यांना नुसता बल्ब लावून निकाल हवा असतो त्यांची निराशा होते.

दिवा नेमकं काय करतो

मुंबईत २१ जूनच्या आसपास दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि २१-२२ डिसेंबरला जेमतेम अकरा तासांचा. सप्टेंबरच्या अखेरीस तो बारा तासांच्या खाली उतरतो आणि मार्चच्या मध्यानंतर पुन्हा वर चढतो. ड्रॅगन फ्रूटच्या फुलण्याचं वेळापत्रक याच चढउताराशी बांधलेलं आहे.

दिवसाच्या लांबीवर झाडांचं फुलणं अवलंबून असतं हे अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखूच्या एका जातीवरून दाखवलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका काटेरी तणावर प्रयोग केले, तेव्हा लक्षात आलं की झाड खरं तर दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ उजेड पाडला की झाडाच्या हिशेबात त्या एका रात्रीच्या दोन छोट्या रात्री होतात. हे मोजमाप फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्यामुळे होतं आणि त्याच्यावर सर्वांत जास्त परिणाम लाल उजेडाचा होतो. ड्रॅगन फ्रूटला पानं नसतात, त्याच्या हिरव्या फांद्याच पानाचं काम करतात, म्हणून उजेड फांद्यांवर पडायला हवा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सव्वासातला उगवतो. म्हणजे पावणेतेरा तासांची रात्र. रात्री दहा ते दोन दिवा लावला तर आधी साडेतीन तासांचा अंधार आणि नंतर पाच-सव्वापाच तासांचा. सलग लांब अंधार कुठेच उरला नाही. तेच चार तास संध्याकाळी सात ते अकरा लावले तर अकरानंतर आठ तासांचा अंधार सलग राहतो. उपयोग त्याचाही होतो, पण तेवढ्याच विजेत मधोमध तोडलेली रात्र जास्त परिणाम देते. म्हणून दहा ते दोन ही वेळ धरा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. घरात झाडं वाढवायला जांभळ्या-गुलाबी रंगाचे जोरदार दिवे मिळतात, त्यांचा उजेड झाडाचं अन्न तयार करण्यासाठी असतो. आपला दिवा त्या कामाचा नाही. नऊ वॉटच्या बल्बवर झाडाचं पोट भरत नाही. पोट उन्हावर भरतं, आणि ज्या गच्चीवर किंवा बाल्कनीत दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन येत नाही तिथे रात्रीचे दिवे लावण्यात अर्थ नाही. समोरच्या टॉवरच्या सावलीत बाल्कनी असेल तर हा प्रयोग सोडून द्या, असंच मी सांगेन.

कोणत्या झाडांना दिवा लागू पडतो

आपल्याकडे बिगरहंगामी म्हटलं की बहार धरणं आठवतं. डाळिंब, पेरू, लिंबू यांना पाण्याचा ताण देऊन आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार धरतात. त्यात दिव्याचा काही संबंध नाही. ती झाडं ताणाला आणि नंतर मिळालेल्या पाण्याला प्रतिसाद देतात. आंब्याला मोहोर यायला थंडी लागते. गच्चीवरच्या कलमी हापूसवर रात्री कितीही बल्ब लावले तरी मोहोर लवकर येणार नाही. चिकूचंही दिव्यावाचून काही अडत नाही.

ड्रॅगन फ्रूटखेरीज घरी करून पाहण्यासारखं दुसरं झाड म्हणजे पिवळं पॅशन फ्रूट. त्यालाही फुलायला साधारण अकरा तासांहून मोठा दिवस लागतो. पण मुंबईचा दिवस त्याहून फारसा खाली जातच नाही, म्हणून दिव्याचा फायदा थोडाच दिसेल. शिकायला ड्रॅगन फ्रूटच बरं.

काही झाडांवर दिव्याचा उलटा परिणाम होतो, हे शेजारच्या कुंड्या पाहताना ध्यानात ठेवा. शेवंती आणि पॉइनसेटिया लहान दिवसांत फुलतात. पॉलिहाउसवाले शेवंतीवर रात्री दिवे लावतात ते फुलणं लांबणीवर टाकण्यासाठी. तुमच्या ड्रमच्या शेजारी शेवंतीची कुंडी असेल तर तिच्या कळ्या अडतील. स्ट्रॉबेरीच्या बऱ्याच जातींचंही तसंच. या कुंड्या दिव्याच्या टप्प्याबाहेर, पाण्याच्या टाकीपलीकडे वगैरे हलवा.

महिना कोणता निवडायचा

दोन वेळा शक्य असतात. एक म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून दिवे लावून संपत आलेला हंगाम पुढे ओढायचा. दुसरी म्हणजे फेब्रुवारीत लावून पुढचा हंगाम अलीकडे आणायचा. मधला डिसेंबर-जानेवारी सर्वांत अवघड, कारण गारव्यात झाड मंद होतं आणि कळ्या फुटायला जास्त रात्री लागतात. मुंबईची थंडी सौम्य आहे. सांताक्रूझला जानेवारीत पहाटेचं तापमान सरासरी सोळा-सतरा अंशांपर्यंत जातं, कुलाब्याला त्याहून थोडं जास्त राहतं. नाशिक-पुण्यापेक्षा आपण इथे नक्कीच सुखात आहोत, तरीही मंदपणा येतोच.

पहिल्यांदा करणाऱ्याने फेब्रुवारीच निवडावा. ऑक्टोबरमध्ये झाड नुकतंच चार-पाच महिने फुलून-फळून थकलेलं असतं. त्याला लगेच पुन्हा जुंपणं मला पटत नाही. फेब्रुवारीपर्यंत त्याची विश्रांती झालेली असते, हवा तापायला लागलेली असते आणि संक्रांतीनंतर दिवसही आपणहून वाढत असतो, म्हणजे दिव्याला निसर्गाची साथ मिळते. पावसाचा प्रश्न नसतो, त्यामुळे उघड्यावर वायर ओढणंही कमी धोक्याचं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिवे लावले तर फुलं गुढीपाडव्याच्या मागेपुढे आणि फळं अक्षय तृतीयेच्या सुमारास, असा अंदाज धरा.

नोव्हेंबर ते जानेवारी: खरी तयारी

झाड कमीत कमी दीड-दोन वर्षांचं हवं आणि एकदा तरी स्वतःच्या हंगामात फुललेलं हवं. रोपवाटिकेतून आणलेल्या पहिल्या वर्षाच्या रोपावर दिवे लावू नका. ज्या फांद्या ड्रममधल्या आधाराच्या खांबावरच्या रिंगवरून खाली लोंबल्या आहेत, जाड झाल्या आहेत, कडा किंचित कठीण झाल्या आहेत, त्याच फुलं देतात. सरळ वर चढणारे कोवळे पोपटी फुटवे फुलं देत नाहीत.

शेवटचं फळ काढलं की नोव्हेंबरमध्ये छाटणी करा. आतल्या बाजूला दाटलेल्या, पिवळ्या पडलेल्या, सड लागलेल्या आणि खूप वेळा फळलेल्या फांद्या काढा. कात्री स्पिरिटने पुसून घ्या आणि कापल्या जागी बुरशीनाशकाची पेस्ट लावा. छाटणी जानेवारीपर्यंत लांबवू नका, नाहीतर फेब्रुवारीत झाड नवे फुटवे काढण्यात गुंतेल आणि कळ्या मागे पडतील.

छाटणीनंतर प्रत्येक ड्रमला दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड वरच्या मातीत मिसळा. डिसेंबरपासून नत्राची खतं बंद करा. जानेवारीच्या मध्याला ०:५२:३४ (आकडे नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने) हे विद्राव्य खत लिटरला दोन-तीन ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी एकदा फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. गच्चीवरच्या ड्रमात माती मोजकी असते, जास्तीचं खत वाहून जायला वाव नसतो, म्हणून शेतकऱ्यांच्या मोठ्या मात्रा इथे उचलू नका.

डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करा. वरची दोन-तीन इंच माती पूर्ण सुकल्याशिवाय देऊ नका. फांद्या सुरकुतायला लागल्या तर मात्र ताण जास्त झाला, लगेच पाणी द्या. दिवे सुरू होतील त्या आठवड्यापासून पाणी पुन्हा नियमित.

वजनाचाही विचार आत्ताच करा. २०० लिटरचा निळा ड्रम अर्धा कापून बहुतेक जण वापरतात. ओली माती, खांब आणि झाड धरून तो दीडशे किलोच्या घरात जातो. असे ड्रम गच्चीच्या मधोमध न ठेवता खालच्या बीमच्या रेषेवर, कठड्याजवळ ठेवा आणि खाली विटा घालून पाण्याला वाट ठेवा. वॉटरप्रूफिंग फुटलं तर वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं छत गळतं आणि मग बागेचं नाव निघालं की सगळी सोसायटी विरोधात जाते.

सोसायटीची परवानगीही याच महिन्यांत घ्या. गच्ची सगळ्यांची असते. कमिटीला लेखी अर्ज द्या, त्यात दिव्यांची संख्या, वेळ आणि किती आठवडे ते लिहा. वीज स्वतःच्या मीटरवरून घेणार हे स्पष्ट करा आणि तसंच करा. जिन्याच्या दिव्याच्या पॉइंटवरून वायर ओढू नका. समोरच्या इमारतीत खिडक्या जवळ असतील तर त्यांनाही आधी सांगून ठेवा. रात्री दहानंतर अचानक गच्ची उजळली की लोक घाबरतात, आणि झोपायच्या खोलीत उजेड येत असेल तर त्यांची तक्रार रास्तच आहे.

दिवे, वायर आणि टायमर

सामान लोहार चाळीत एका फेरीत मिळतं. दिव्यांचा घाऊक बाजार आहे, चार दुकानं पाहून घ्या. यादी छोटी आहे: नऊ वॉटचे एलईडी बल्ब, पाऊस-धूळ सोसणारे होल्डर, बाहेर वापरायची रबरी आवरणाची वायर, चोवीस तासांचा टायमर आणि गळतीच्या करंटला लगेच बंद होणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी.

बल्बचा रंग महत्त्वाचा. खोक्यावर ६५०० केल्विन (उजेडाचा रंग सांगणारा आकडा) लिहिलेला निळसर पांढरा बल्ब घेऊ नका. २७०० किंवा ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब घ्या, त्यात लाल उजेडाचा वाटा जास्त असतो. दोन्हींमधला फरक मुंबईकरांनी रस्त्यावर पाहिलेला आहे: २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लागले तेव्हा राणीचा हार फिका पडल्याची ओरड झाली आणि पुढे पिवळा उजेड परत आणला गेला. आपल्याला तो पिवळाच हवा. व्हिएतनाममध्ये सुरुवातीला साठ-शंभर वॉटचे जुने तारेचे बल्ब वापरत. त्यांच्या उजेडात लाल भरपूर असतो, पण वीज खूप जाते आणि फांदीला टेकला तर चट्टा पडतो. आता ते घेण्याचं कारण नाही.

एका ड्रमला दोन बल्ब लावा, समोरासमोरच्या बाजूंना, लोंबत्या फांद्यांपासून दीड-दोन फुटांवर आणि फांद्यांच्या मध्यउंचीला. छत्रीसारख्या पसरलेल्या झाडावर वरून एकच बल्ब टांगला तर वरच्या फांद्या उजळतात आणि खालच्या त्यांच्याच सावलीत राहतात. कळ्या मुख्यतः उजेड पडलेल्या फांद्यांवर येतात, म्हणून पहिल्या रात्री गच्चीवर जाऊन झाडाभोवती फिरा आणि कुठली बाजू काळोखात आहे ते पाहा. बल्बला बाहेरच्या बाजूने पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा आडोसा लावला तर उजेड झाडावर राहतो आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत जात नाही. पुठ्ठा बल्बला चिकटू देऊ नका.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. चार बल्ब, प्रत्येकी नऊ वॉट, रोज चार तास: रात्रीला १४४ वॉट-तास. पस्तीस रात्रींचे साधारण पाच युनिट. तुमच्या बिलावर बेस्टचा शिक्का असो, अदानीचा, टाटाचा की महावितरणचा, पाच युनिटने फार फरक पडत नाही.

जोडणी मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, इथे पैसे वाचवू नका. ओली गच्ची, लोखंडी रिंग, सिमेंटच्या खांबातली सळई आणि अनवाणी पाणी घालणारा माणूस, हे सगळं एकत्र आलं की साधा उघडा जोडही जिवावर बेतू शकतो. जोड टेप गुंडाळून सोडून न देता बंद डबीत घ्या, वायर जमिनीवरून न नेता कठड्याला क्लिपने बसवा, एक्स्टेंशन बोर्ड गच्चीच्या फरशीवर कधीही ठेवू नका आणि अर्थिंग तपासून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. झाडाला पाणी घालताना मेन बंद.

टायमर बॅटरीचा आधार असलेला डिजिटल घ्या. खाचांचा फिरता टायमर स्वस्त असतो, पण वीज गेली की तोही थांबतो आणि मग दहाचे दिवे साडेअकराला लागतात. एखाद्या रात्रीचा घोटाळा चालतो, रोजचा नाही.

एक झाड दिव्याविना ठेवा, शक्य असेल तर टाकीच्या मागे. त्याशिवाय कळ्या दिव्यामुळे आल्या की उन्हाळा लवकर आल्यामुळे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मुंबईत यात एक खास अडचण आहे: पूर्ण अंधार सहसा मिळत नाही. रस्त्यावरचा दिवा, जाहिरातीचा मोठा फलक, शेजारच्या बांधकामाचा हॅलोजन, काही ना काही उजेड गच्चीवर येतोच. एखाद्या झाडाची रस्त्याकडची बाजू डिसेंबरातही कळ्या धरत असेल तर आधी त्या बाजूचा दिवा पाहा.

दिवे लागल्यावर

पहिले दोन आठवडे काहीही दिसणार नाही. तीन ते पाच आठवडे धरून चाला. थंडी जितकी लांबेल तितक्या रात्री जास्त. या काळात कुतूहलापोटी खत वाढवू नका, बल्ब हलवत बसू नका. पाणी सकाळी, माती ओलसर राहील एवढंच.

फुटवा आला की तो कळी आहे की नवी फांदी हे ओळखायला शिका. दोन्ही काट्यांच्या ठिपक्यातूनच निघतात आणि पहिले तीन-चार दिवस सारखेच दिसतात, मटारच्या दाण्याएवढे. मग फरक पडतो. कळी गोलसर फुगते, तिच्यावर खवल्यांसारखी पाती एकावर एक बसतात आणि टोकाला तांबूस छटा असते. फांदीचा फुटवा निमुळता लांब होतो, त्याला लगेच तीन कडा दिसतात आणि कडेवर बारीक लव. सगळे फुटवे फांद्यांचे निघाले तर नत्र जास्त झालं आहे किंवा उजेड कमी पडतो आहे. ते कोवळे असतानाच खुडून टाका आणि दिवे आणखी दोन आठवडे चालू ठेवा.

कळ्या स्पष्ट दिसल्या, हरभऱ्याहून मोठ्या झाल्या की आणखी आठवडाभर दिवे ठेवून बंद करा. तिथून पुढे झाड आपलं आपण नेतं. एका फांदीवर दोनच कळ्या ठेवा, बाकीच्या चिमटीने काढा. मोह होतो, कारण इतकी वाट पाहून आलेल्या असतात, पण बिगरहंगामी बहारात झाडाची शिल्लक कमी असते आणि सगळ्या ठेवल्या तर बऱ्याच आपणहून पिवळ्या पडून गळतात.

मार्चमध्ये पूर्वेकडून गरम वारा सुटतो तेव्हा मुंबईचा पारा काही दिवस अडतीसच्या वर जातो. हे दिवस कळ्यांना घातक. ३० ते ५० टक्क्यांचं शेडनेट आधीच तयार ठेवा आणि दुपारी अकरा ते चार झाडावर ओढा. पश्चिमेकडच्या फांद्या पिवळट पांढऱ्या पडू लागल्या तर ऊन लागलं आहे हे ओळखा. कळ्यांवर मुंग्या धावताना दिसल्या तर मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधा. निंबोळी तेलाची फवारणी संध्याकाळी करा, उमललेल्या फुलावर मात्र नाही.

फुलाची रात्र

कळी दिसल्यापासून फूल उमलायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. उमलण्याच्या दिवशी दुपारनंतर कळीचं टोक सैल पडतं आणि ती वर वळते. संध्याकाळी सात-आठला उघडायला लागते, दहा-अकरापर्यंत वीतभराहून मोठं पांढरं फूल पूर्ण उमलतं, आणि सकाळी ऊन चढलं की मिटतं. जे करायचं ते त्या एका रात्रीत.

हंगामात एका रात्री बरीच फुलं येतात आणि परागीकरण आपसूक होऊन जातं. दिव्याच्या बहारात एखाद-दुसरंच फूल उमलतं, म्हणून हाताने करणं भागच आहे. एक स्वच्छ वाटी आणि चित्रकलेचा मऊ ब्रश घ्या. फुलाच्या मधोमध फिकट पिवळ्या बोटांचा गुच्छ पुढे आलेला असतो, ती कुक्षी. भोवती शेकडो पुंकेसरांचं कडं असतं. ब्रश त्या कड्यावरून हलकेच फिरवा, वाटीत पिवळी भुकटी पडते. तीच ब्रशने कुक्षीच्या प्रत्येक बोटाला लावा, घाईने एकच फटकारा मारून सोडू नका. जेवढे पराग नीट बसतील तेवढ्या बिया आणि तेवढं फळ मोठं.

लाल गराच्या काही जातींना स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या जातीचे लागतात. शेजारी पांढऱ्या गराचं झाड असेल तर त्यालाही दिवे लावा म्हणजे फुलं जुळण्याची शक्यता वाढते. फुलं एका रात्री जुळली नाहीत तर पराग कागदाच्या पुडीत, झाकणाच्या कोरड्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. काही दिवस ते कामाला येतात. डबीत ओल शिरली की संपलं.

फळ आणि त्यानंतर

परागीकरण झालं नाही तर पाच-सहा दिवसांत फुलाचा देठाकडचा भाग पिवळा पडून गळतो. हिरवा राहून फुगायला लागला की फळ धरलं. वाळलेल्या पाकळ्या चार-पाच दिवसांनी हलकेच काढून टाका, नाहीतर दमट हवेत त्यांच्यावर बुरशी येते. या काळात ०:०:५० लिटरला दोन-तीन ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, आणि पाण्यात खंड नको. कोरड्या मातीत एकदम भरपूर पाणी ओतलं की फळ तडकतं.

उन्हाळ्यात फूल उमलल्यापासून तीस-पस्तीस दिवसांत फळ तयार होतं. हिरवा रंग जाऊन गुलाबी चढला की आणखी चार-पाच दिवस झाडावरच ठेवा, कारण तोडल्यावर हे फळ पिकत नाही, गोडी जी यायची ती झाडावरच येते. बुलबुल आणि वटवाघळं यांना रंग-वास तुमच्या आधी कळतो. रंग बदलायला लागताच फळाला जाळीची पिशवी बांधा. तोडताना ओढू नका, देठाशी फांदीचा कणभर भाग घेऊन कात्रीने कापा.

मेअखेर फळं संपली की झाडाला शेणखत द्या आणि फुलण्यासाठी काही करू नका. जूनपासून नैसर्गिक बहार यायचाच आहे. दिव्याचा बहार घेतलेल्या झाडावर त्यातला पहिला भर थोडा कमी येऊ शकतो. येईल तो घ्या, पण त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच झाडावर पुन्हा दिवे लावू नका. चार ड्रम असतील तर दोन या वर्षी, दोन पुढच्या वर्षी, अशी पाळी ठेवलेली बरी.

वायर आणि होल्डर पहिल्या पावसाआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरवून, पुसून, कोरड्या गोणीत घरात ठेवा. टायमरची बॅटरी काढून ठेवा.